भाची ८०० फ्रीस्टाईल पोहते, सोलापुरात राहून यात पुढं काही होतं का?

मधला_मारुती_मामा:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझी भाची १३ वर्षांची, आठवीत. उन्हाळ्यात पोरं घरात टिकत नाहीत म्हणून बहिणीनं पाचवीच्या सुट्टीत टँकवर घातली, बाकीची पोरं शाळा सुरू झाली तशी एकेक करून गळाली, ही राहिली. आता पहाटे साडेपाचला टँकवर असते, दाजी सोडतात आणि तिथूनच पुढं कारखान्यावर जातात (टॉवेलचा छोटा कारखाना आहे).

टायमिंग देतो, २५ मीटरच्या टँकमधलं, सरांच्या स्टॉपवॉचवर घेतलेलं. ५० फ्री ३४ सेकंद, १०० ला १:१३, २०० ला २:३५, ४०० ला ५:२०, ८०० ला १०:५८. गंमत अशी की ५० ला ही जिल्ह्यात चौथी-पाचवी येते, आणि ८०० ला हिनं भिंतीला हात लावला तरी दुसऱ्या नंबरची पोरगी अजून दोन लेंग्थ (लेंग्थ म्हणजे टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत) मागं असते. पण ८०० ला उतरतात किती जणी, तर मोजून चार. त्यामुळं त्या मेडलला मेडल म्हणायचं का नाही तेच आम्हाला कळंना.

टँकवर दोन सर आहेत, एकाचं एक दुसऱ्याचं भलतंच. एक म्हणतात ५०-१०० वर जोर द्या, शालेय स्पर्धेत तेच दिसतं, पेपरात नाव येतं. दुसरे म्हणतात ही डिस्टन्सची पोरगी आहे, इथं वाया जाईल, पुण्याला न्या. बहीण पुण्याला तयार आहे, दाजी म्हणतात आधी दहावी. आजीचं वेगळंच, क्लोरीननं पोरीचे केस गेले तर लग्न कोण करणार. आणि जिला पोहायचंय तिला विचारलं तर म्हणते मला १५०० पोहायचंय, बास.

आमच्या खानदानात विहिरीत डबा बांधून पोहायला शिकण्यापलीकडं कुणी गेलं नाही, त्यामुळं सांगणारं कुणी नाही. लांब पल्ल्याच्या फ्रीस्टाईलमध्ये करिअर म्हणजे नक्की काय असतं, किती वयापर्यंत चालतं, पोट भरतं का, आणि १३ व्या वर्षी गाव सोडावं का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांची पोरं करताहेत त्यांनी प्लीज लिहा.

शेंगा_चटणी:

अण्णा, सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतंय आणि तुमची भाची त्यात ८०० मीटर मारायलीय, आधी तिचा बाळीवेशीत सत्कार घ्या बे. 😀 बाकी आपल्याला पोहण्यातलं कळत नाही, पण पोरगी स्वतःहून १५०० म्हणायलीय म्हणजे काहीतरी हाय. आमचं पोरगं स्वतःहून फक्त मोबाईल मागतंय.

पंधराशे_वाला:

मामा, मी सोलापूरचाच, १५०० आणि ४०० पोहायचो, स्टेटला मेडल, नॅशनलला हीटमधून (पहिल्या फेरीतून) पुढं कधी गेलो नाही, आता रेल्वेत आहे खेळाडू कोट्यातून आणि पुण्यात राहतो. त्यामुळं पोट भरतं का याचं उत्तर भरतं असंच द्यावं लागेल, पण थांबा, सगळं सांगतो.

आधी तुमच्या आकड्यांबद्दल. १०० जीव तोडून १:१३ आणि ८०० ची सरासरी काढली तर दर १०० ला १:२२ आणि वर थोडं. म्हणजे आठपट अंतर झालं तरी वेग फक्त नऊ सेकंदांनी पडला. आमच्या वेळी टँकवर १०० ला हिच्यापेक्षा चांगली पाच-सहा सेकंद फास्ट असलेली पोरं होती, ८०० ला उतरवली की तिसऱ्या शंभरातच दीड मिनिटाच्या वर जायची. हे जे न पडणं आहे ना ते शिकवून फार येत नाही, वाढवता येतं. म्हणून तुमचे दुसरे सर जे बोलले त्यात तथ्य आहे. ५० ला ३४ बघून कुणी पोरीला कमी लेखू नये.

आता स्वप्न आणि वास्तव दोन्ही सांगतो. अमेरिकेच्या केटी लेडेकीचं नाव तिनं ऐकलंच असेल, १५ व्या वर्षी लंडनला २०१२ मध्ये ८०० चं गोल्ड, मग रिओ, टोकियो, पॅरिस, सलग चार ऑलिम्पिकला तेच गोल्ड. रिओला तिनं ८:०४.७९ मारला आणि दोन नंबरची बाई ११ सेकंदांहून जास्त मागं होती. दर १०० ला साधारण ६०.६ सेकंद, आणि तसं सलग आठ वेळा. तिच्या आधी जॅनेट इव्हान्स, तिचा १९८९ चा ८०० चा रेकॉर्ड २००८ पर्यंत कुणाला हलला नाही. आणि भाचीला १५०० पोहायचंय म्हणता तर तिला हेही सांगा की ऑलिम्पिकमध्ये बायकांना १५०० टोकियोपासूनच आहे, म्हणजे २०२१ ला पहिल्यांदा झाली. त्याआधी बाप्यांना १५०० आणि बायकांना ८००, असं वर्षानुवर्षं चाललं होतं, का ते त्यांनाच माहीत. म्हणजे आत्ता जी मुलगी १३ ची आहे तिला टँकमध्ये ८०० आणि १५०० आणि बाहेर १० किलोमीटर, असे तीन दरवाजे उघडे आहेत, इतके दरवाजे आधीच्या पिढीला नव्हते.

हे झालं स्वप्न. आपल्याकडं काय, तर भारताला ऑलिम्पिकमध्ये स्विमिंगचं मेडल आजवर नाही. एशियाडचं गोल्ड एकच, सचिन नाग, १९५१, दिल्ली, १०० फ्री. लांब पल्ल्याला आपल्याकडं कुशाग्र रावत, अद्वैत पागे, आर्यन नेहरा ही चांगली पोरं झाली, १५०० पंधरा मिनिटं आणि वर काही सेकंदांपर्यंत आणलं, पण अमेरिकेच्या बॉबी फिंकनं पॅरिसला मारला तो वर्ल्ड रेकॉर्ड १४:३०.६७ आहे. म्हणजे आपला सगळ्यात चांगला पोहणारा आणि तो यांच्यात पाऊण मिनिटाच्या आसपास अंतर, ५० मीटरच्या टँकमध्ये दीड लेंग्थ धरा. हे माहीत असून पोहायचं असेल तर पोहावं.

पोटाचं सांगायचं तर राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे, सेनादल, पोलीस यांच्या टीम आहेत, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, खेलो इंडियात निवड झाली तर महिना १० हजार हातखर्चाला मिळतात. पण एक काम आजपासून करा, प्रत्येक सर्टिफिकेट, प्रत्येक रिझल्ट शीट, फेडरेशनचा रजिस्ट्रेशन नंबर, सगळं एका फायलीत. माझी पडताळणी एका ऑफिसात एवढी रखडली की एक भरती हातची गेली, कारण त्यांना स्पर्धेचा मूळ निकाल पाहिजे होता आणि आयोजकांकडंच तो नव्हता. हे मेडलपेक्षा जास्त डोक्याला ताप देणारं प्रकरण आहे.

पुण्याचं माझं मत, न्या. नववीला न्या. कारण २५ मीटरच्या टँकमध्ये ८०० ला ३१ टर्न येतात आणि ५० मीटरच्या टँकमध्ये १५. प्रत्येक टर्नला भिंतीला ढकलून फुकटचं अंतर मिळतं, त्या फुकटावर तुमची टायमिंग उभी आहे. मी पहिल्यांदा बालेवाडीला ५० मीटरच्या पाण्यात १५०० पोहलो तेव्हा भिंत येतच नव्हती. साधारण ९०० च्या पुढं दंड जड होतात, श्वास ठीक असतो पण कोपर खाली पडायला लागतं, पाणी हातात येत नाही नुसतं सरकतं, आणि तुम्हाला वाटतं तुम्ही तोच वेग ठेवलाय. घड्याळ वेगळं सांगतं. तो मधला भाग रोज लांब टँकमध्ये पोहल्याशिवाय अंगात मुरत नाही.

टँकवरचा_म्हातारा:

वरच्या दादांनी चांगलं लिहिलंय, टोपी काढतो, पण पुण्याच्या बाबतीत मी पूर्ण विरोधात आहे. मी बरीच वर्षं पोरांना शिकवतोय (सोलापुरात नाही, शेजारच्या जिल्ह्यात), आणि १३-१४ ला हलवलेल्या पोरी १७ ला सुटलेल्या जास्त बघितल्यात. टँक लांब असला म्हणून पोरगी लांब पोहत नाही. या वयात तिला तीन गोष्टी लागतात, चांगला स्ट्रोक, रोजचं पाणी, आणि घरचं जेवण, यातल्या दोन तरी सोलापुरात आहेत.

मामा तुम्ही एक काम करा, दोन्ही सरांच्या भांडणात पडू नका, आकडा काढा. ४०० मधून २०० वजा करा. ५:२० वजा २:३५ म्हणजे २:४५, हे २०० मीटरचे झाले, अर्धे केले की १:२२.५. हा तिचा आजचा न दमता टिकणारा वेग, टँकवर याला सीएसएस म्हणतात. आणि बघा तिचं ८०० पण जवळपास याच वेगानं आलंय, म्हणजे पोरगी खोटं पोहत नाही. आता आठवड्यातून दोनदा दहा वेळा १००, प्रत्येक १:२३-१:२४ मध्ये, निघायचं १:४० वर, म्हणजे दर १:४० ला पुढचा १०० सुरू. पहिले चार सोपे वाटतील, सरांनी तिथं तिला पळू द्यायचं नाही. आठवा-नववा पण त्याच सेकंदाला आला पाहिजे, भाकरी थापताना हात जसा एका लयीत पडतो तसा. दर दीड-दोन महिन्यांनी परत ४०० आणि २०० घ्या, आकडा खाली येतोय का बघा, येत असेल तर कुठंही हलवू नका.

आणि स्प्रिंटवाले सर पण अगदीच चूक नाहीत हां. हल्लीची डिस्टन्स म्हणजे नुसता दम नाही. टोकियोला फिंक ८०० मध्ये शेवटच्या ५० ला चौथा होता आणि पहिला आला. १५०० ला पण तेच केलं, शेवटचे ५० मीटर पंचवीस पॉइंट काहीतरी सेकंदांत, १४५० मीटर पोहून झाल्यावर. (तुमच्या भाचीचे नुसते ५० चे ३४ आहेत हे लक्षात घ्या.) मग पॅरिसला त्यानं उलटं केलं, सुरुवातीपासून पुढं, आणि रेकॉर्ड घेऊन गेला. म्हणजे दोन्ही यावं लागतं. म्हणून आठवड्यातून एक दिवस २५-२५ चे स्प्रिंट, एक दिवस बॅकस्ट्रोक आणि आयएम (चारही स्ट्रोक मिळून), नुसतं फ्री फ्री फ्री करून खांदे एकाच बाजूला घासतात.

खांद्याचं जरा ओरडूनच सांगतो. २५ मीटरला वीस हात धरले आणि रोज ५ किलोमीटर पोहली तर दिवसाला चार हजार हात. त्यात जर हात पाण्यात घालताना अंगठा आधी जात असेल किंवा हात डोक्यासमोर मधली रेघ ओलांडून पलीकडं जात असेल, तर ती चूक दिवसाला चार हजार वेळा होतेय, आणि १६ व्या वर्षी फिजिओकडं लाईन लागते. मोबाईलवर समोरून एक व्हिडिओ काढा, कुणालाही दिसेल. हाताला लावायचे पॅडल या वयात देऊ नका, रबर बँडचे बाहेरच्या बाजूला फिरवायचे व्यायाम रोज, पोहायच्या आधी. आणि दोन्ही बाजूंनी श्वास, तीन हातांना एक, निदान सरावात. रेसमध्ये कुठं घ्यायचा तो तिचा प्रश्न.

आठवड्याला किती, हे पण विचारतील. मोठे डिस्टन्सवाले साठ-सत्तर किलोमीटर मारतात, ते बघून तेरा वर्षाच्या पोरीला मारायला लावू नका. पंचवीस-तीस भरपूर झाले. एप्रिल-मे मध्ये तुमच्याकडं उघड्या टँकचं पाणी तापतं, स्पर्धेला २५ ते २८ डिग्री लागतं, ३० च्या वर पाणी गेलं की जोराचे सेट बंद, नुसतं टेक्निक करा आणि टँकच्या काठावर पाण्याची बाटली ठेवा, पाण्यात असलं तरी घाम येतो हे पालकांना पटतच नाही.

शेंगा_चटणी:

एक अडाणी प्रश्न विचारू का. २५ च्या टँकमध्ये १५०० म्हणजे ६० लेंग्थ झाल्या. मोजतं कोण? मी तर भाजीचे पैसे मोजताना विसरतो.

पंधराशे_वाला:

अडाणी नाही, सगळ्यात खरा प्रश्न आहे हा 😀 मोठ्या स्पर्धेत टर्नच्या भिंतीजवळ आकड्याच्या पाट्या पाण्यात दाखवतात, किती लेंग्थ राहिल्या ते, आणि पुढच्या माणसाच्या शेवटच्या दोन लेंग्थ उरल्या की घंटा वाजते. प्रॅक्टिसला मात्र डोक्यातच. मी शंभरचे गठ्ठे करायचो, एक गठ्ठा झाला की पुढचा. काही पोरं गाणी लावतात मनात. १५०० ला नुसतं "अजून किती" असं मोजायला लागलं की माणूस गेला.

बार्शीची_आई:

माझी मुलगी ४०० आणि ८०० पोहते, दोन वर्षं झाली आम्ही पुण्यात आहोत, म्हणजे मी आणि ती, हे बार्शीला. कुणाच्या बाजूनं बोलत नाही, काय होतं तेवढं सांगते.

खर्च म्हणजे कोचिंग फी सोडून बाकीचाच जास्त असतो. खोलीचं भाडं, दोन वेळा टँकवर न्यायचं-आणायचं, शाळा (रोजची शाळा आणि दोन सेशन जमत नाहीत, शाळेशी बोलून घ्यावं लागतं), आणि खाणं. या पोरी खातात किती हो. पहाटे केळी आणि दूध, टँकवरून आल्यावर चार अंडी आणि भाकरी, शाळेचा डबा दोन मजली, परत संध्याकाळी. रेसचा टेक सूट घ्यायचा तर पंधरा-वीस हजारांच्या पुढं, आणि तो मोजक्या रेसला टिकतो, मी तर अजून घेतलेला नाही, साध्या सूटवर स्टेट खेळतेय ती.

दुसरं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. मुलींचं रक्त तपासा. आमची एकदम मंदावली होती, महिना-दीड महिना टायमिंग वरच जात होतं, सर म्हणाले आळस, मी पण रागावले पोरीवर, शेवटी डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करायला लावलं तर दोन्ही खाली. पाळी सुरू झालेली वय, त्यात रोज तीन-चार तास पाण्यात. लोह सुरू केल्यावर हळूहळू आली परत. वर्षातून दोनदा करतेच आता. आणि पाळी अनियमित झाली तर "खेळाडू आहे, होतं तसं" म्हणून सोडून देऊ नका, बहुतेक वेळा खाणं कमी पडत असतं.

एकटीला हॉस्टेलवर तेराव्या वर्षी मी तरी ठेवली नसती. आई बरोबर जाऊ शकत असेल तरच विचार करा. आणि मामा, घरात धाकटं भावंड असेल तर त्याचं काय होतं ते पण बघा, माझा मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो तुम्ही कधी येणार.

केसांचं आजीला सांगा, टँकवर जायच्या आधी केस साध्या पाण्यानं भिजवून थोडं खोबरेल लावायचं आणि टोपी घालायची, आल्यावर लगेच धुवायचे. राठ होतात पण जात नाहीत.

उजनी_काठ:

मी समुद्रातला माणूस म्हणून वेगळा सूर लावतो. सगळे टँक टँक करताहेत, पण लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याचं आयुष्य टँकमध्ये संपत नाही, उलट तिथनं पुढंच सुरू होतं.

१० किलोमीटर मॅरेथॉन स्विमिंग बीजिंगपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, २००८. पहिलं गोल्ड पुरुषांत मार्टेन व्हान डर वेइडेन, डच, ज्याला त्याच्या आधी ल्युकेमिया होऊन गेला होता. त्याच बीजिंगला टँकमध्ये १५०० चं गोल्ड ट्युनिशियाच्या ओसामा मेलौलीनं घेतलं, आणि चार वर्षांनी लंडनला तोच माणूस १० किलोमीटरचं गोल्ड घेऊन गेला, १५०० ला ब्राँझ पण. आणि बायकांत शेरॉन व्हान रोवेंडाल, २०१६ रिओ गोल्ड, टोकियोला सिल्व्हर, आणि २०२४ ला पॅरिसला सीन नदीत परत गोल्ड, वयाच्या तिशीत. ५० मीटरवाल्या पोरींना सतराव्या वर्षी म्हातारं म्हणायला लागतात आपल्याकडं. म्हणून मामा, किती वयापर्यंत चालतं याचं उत्तर, खांदे सांभाळले तर लई दिवस.

आपल्याकडं पण काय कमी आहे. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरमध्ये राज्यस्तरीय सागरी स्पर्धा असते, सगळ्या वयाचे गट, जत्राच असते, पोरं पहिल्यांदा समुद्रात तिथंच उतरतात. बंगालमध्ये मुर्शिदाबादला भागीरथीत ८१ किलोमीटरची रेस आहे. धरमतर ते गेटवे ३६ किलोमीटरच्या आसपास, आपली कितीतरी पोरं करतात. मिहीर सेन १९५८, आरती साहा १९५९, इंग्लिश खाडी. आणि पुण्याचा रोहन मोरे, जगातल्या सात खाड्या-सामुद्रधुन्या पोहणारा पहिला आशियाई, २०१८ ला सातवी झाली.

समुद्रात दम सगळ्यांकडं असतो, अक्कल लागते. पुढच्याच्या पायामागं चिकटून पोहलं की पाणी कापायचं काम तो करतो, तुमचा दम वाचतो. दर काही हातांनी डोळे वर काढून बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) बघायचा, नाहीतर सरळ पोहतोय म्हणता म्हणता तीनशे मीटर जास्त पोहता. बोटीवरून लांब काठीला बाटली लावून प्यायला देतात, ते न थांबता उलटं होऊन पिऊन पुढं निघायचं, याची पण प्रॅक्टिस लागते. मला पहिल्यांदा जेलीफिश लागली तेव्हा वाटलं आता संपलं, पण दहा मिनिटांनी जळजळ कमी होते आणि तुम्ही अजून पोहतच असता.

पण पोरगी अजून १३ ची. आंतरराष्ट्रीय नियमानं ओपन वॉटरला १४ पूर्ण लागतात, इंग्लिश खाडीला १६. तोवर टँकच. आणि हात जोडून सांगतो, लांब पाणी पाहिजे म्हणून कुणी तिला हिप्परग्याच्या तलावात नाहीतर उजनीच्या फुगवट्यावर एकटं उतरवू नका. माझं नाव उजनी काठ आहे, मला माहितीये तिथं खाली काय आहे, गाळ, जुनी झाडं, मासेमारीची जाळी. बोट आणि दोन माणसं सोबत असल्याशिवाय मी पण उतरत नाही.

मधला_मारुती_मामा:

बाप रे, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. बहिणीला सगळं वाचून दाखवलं, दाजींना पण. दाजी सीएसएस वर खूश झाले, कारखान्यात प्रॉडक्शन काढतात तसं आता वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून ठेवल्यात. समोरून व्हिडिओ काढला, म्हातारबाबांनी सांगितलेलं तंतोतंत, डावा हात मधली रेघ ओलांडतोय. स्प्रिंटवाल्या सरांनाच दाखवला, ते म्हणाले हे मी बघतो, आणि खरंच रोज दहा मिनिटं फक्त तेवढंच घेताहेत.

एक राहिलंच, दहावीचं. पंधराशे_वाला दादा, तुम्ही दहावीला काय केलं होतं?

पंधराशे_वाला:

एक सेशन ठेवलं होतं, पहाटेचं. संध्याकाळचं बंद. बोर्डाच्या आधी दोन-अडीच महिने फक्त तीन दिवस, दोन-दोन किलोमीटर, पाण्याचा हात जाऊ नये म्हणून. पूर्ण बंद करू नका, डिस्टन्सवाल्याचा दम बसून राहिला की लवकर उतरतो आणि परत यायला त्याच्या दुप्पट वेळ जातो. आणि खरं सांगू का, पहाटे पोहून आलेलं पोरगं अभ्यासाला जास्त बसतं, झोप लागते हा भाग वेगळा.

म्हातारबाबांशी माझं भांडण नाही. आई बरोबर जाणार नसेल तर मी पण नववी इथंच म्हणेन. पण मग दर दोन-तीन महिन्यांनी ५० मीटरच्या पाण्यात एक टाईम ट्रायल झालीच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

टँकवरचा_म्हातारा:

हे मान्य. आणि ट्रायल ८०० ची नको प्रत्येक वेळी, ४०० चालेल. दर ५० चे स्प्लिट (त्या त्या टप्प्याचं टायमिंग) लिहून आणा, नुसतं शेवटचं टायमिंग मला अजिबात नको.

शेंगा_चटणी:

कुणीतरी करमाळ्याच्या सुयश जाधवचं नाव घ्या की बे. दोन्ही हात नसताना पोरगं पोहलं, २०१८ च्या पॅरा एशियाडला गोल्ड, २०२० ला अर्जुन पुरस्कार, आपल्याच जिल्ह्याचं. आणि इथं पुणं का सोलापूर चाललंय. (रागवू नका, दुष्काळी जिल्ह्यातनं एवढे पोहणारे निघतात याचंच मला नवल वाटायलंय.)

मधला_मारुती_मामा:

घेतलं नाव, आणि भाचीच्या खोलीत फोटो पण लागेल आता. ठरलंय असं की नववी सोलापुरात, संध्याकाळचं दुसरं सेशन आठवड्यातून तीनच दिवस, रक्त तपासणी या शनिवारी. आणि पुढच्या महिन्यात पुण्याला ४०० ची ट्रायल. दादा, सकाळच्या हुतात्मानं आलो तर जमेल का?

पंधराशे_वाला:

हुतात्मानं येऊ नका, ती साडेदहा-अकराला पुण्यात टाकते, चार तास बसून आखडलेले पाय घेऊन पोरगी लगेच पाण्यात जाणार, मग स्प्लिट कसले बघायचे. आदल्या संध्याकाळी या, बाहेरचं तेलकट खाऊ घालू नका, घरूनच दशम्या आणा. ५० मीटरच्या टँकमध्ये वॉर्मअपला किमान ८०० पोहू द्या, त्यात दोन-तीनदा भिंतीजवळच्या तळाच्या आडव्या रेघेवर नजर बसली पाहिजे, नाहीतर टर्न चुकतो. गॉगल दोन आणा, एकाचा पट्टा ऐन वेळी तुटतोच. आणि पहिले १०० तिला मुद्दाम हळू काढायला सांगा, १:२१ च्या आत आली तर मी काठावरूनच ओरडणार आहे.